दोन ‘बद’ आणि एक चाक

इंग्रजीतला ‘बॅड’ आणि बदनाम, बदसूर, बदफैली यांतला ‘बद’. उच्चार जवळजवळ एक, अर्थ तर एकच. कुणीही छातीठोकपणे सांगेल की हे सख्खे भाऊ. प्रत्यक्षात त्यांची लांबची सोयरीकही नाही. आपला ‘बद’ फारसीतून आला आणि त्या फारसी शब्दाचं जुनं, पहलवी काळातलं रूप होतं ‘वद’. इंग्रजी ‘बॅड’ इसवी सन १३०० च्या आसपास लिखाणात दिसू लागतो आणि तिथेही त्याच्या तोंडी ‘ब’च आहे. म्हणजे दोघांचा माग काढत जसजसं मागे जावं, तसतसे ते एकमेकांपासून लांब सरकतात. नात्यातले असते तर मागे जाताना जवळ आले असते.

आता ‘व्हील’ आणि ‘चाक’ घ्या. एक ध्वनी जुळत असेल तर शपथ. पण ही मात्र एकाच आजीची नातवंडं. आपलं चाक संस्कृत ‘चक्रा’वरून आलेलं. त्याच्या मागचा इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वज भाषेतला) शब्द अभ्यासक साधारण ‘क्वेक्व्लोस’ असा मांडतात. संस्कृतच्या वाटेवर पहिल्या ‘क्व’चा पुढच्या ‘ए’मुळे ‘च’ झाला, दुसऱ्याचा नुसता ‘क’ उरला, ‘ल’चा ‘र’ झाला: चक्र. इंग्रजीच्या वाटेवर पहिल्या ‘क्व’चा ‘ह्व’ झाला, मधलं व्यंजन झिजत झिजत नाहीसं झालं आणि जुन्या इंग्रजीत ‘ह्वेओल’ राहिलं. आजच्या स्पेलिंगमधली डब्ल्यू आणि एच ही जोडगोळी त्या ‘ह्व’ची खूण आहे. तिसरी वाट ग्रीकमधून गेली. तिथे ‘कुक्लोस’ झालं आणि त्यावरून ‘सायकल’. तेव्हा ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारत असतो.

व्युत्पत्तीच्या वाटेला जाणाऱ्याने या दोन जोड्या खिशात ठेवूनच निघावं. कानाला सारखं वाटणं हा पुरावा नाही, आणि कानाला वेगळं वाटणं हाही नाही. पुरावा असतो ध्वनी ठरावीक पद्धतीने बदलण्यात. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये (परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरला तो हाच) ही पद्धत नीट मांडली. संस्कृत किंवा लॅटिनमध्ये जिथे ‘प’, तिथे अस्सल इंग्रजी शब्दात ‘फ’. जिथे ‘त’, तिथे ‘थ’. जिथे ‘द’, तिथे ‘ट’. पितृ-फादर, पाद-फुट, त्रि-थ्री, द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. सहा जोड्या पाठ केल्या तर अर्धी गफलत तिथेच टळते.

उरलेली अर्धी होते ती उसन्या शब्दांमुळे. ‘टूथ’मध्ये ‘ट’ आहे, मग ‘डेंटिस्ट’मध्ये ‘ड’ कुठून आला? मूळ दोघांचं एकच. पण ‘टूथ’ घरचा आहे, त्याने हा सगळा ध्वनिबदल सोसला. ‘डेंटिस्ट’ लॅटिन घराण्यातून फ्रेंचमार्गे खूप उशिरा आणलेला, बदल उरकून गेल्यानंतरचा. ‘फुट’ आणि ‘पेडल’, ‘फादर’ आणि ‘पॅटर्नल’ यांचंही तेच. इंग्रजी शब्दाची कुंडली मांडताना पहिला प्रश्न म्हणूनच हा: हा घरचा की आणलेला? आपल्याकडे तत्सम आणि तद्भव वेगळे काढतात तसंच. ‘चाक’ आणि ‘चक्र’ दोन्ही मराठीत नांदतात, तसे ‘टूथ’ आणि ‘डेंटल’ इंग्रजीत.

दुसरी कसोटी तारखेची. ही ध्वनिनियमांपेक्षा सोपी आणि जास्त निर्दय. शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं की ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ; चारही दिशांकडून येते ती बातमी. कल्पना देखणी आहे, पण ती खोटी आहे. ‘न्यूज’ हे ‘न्यू’चं अनेकवचन: नव्या गोष्टी. फ्रेंचमध्ये ‘नूव्हेल’ म्हणतात त्याच धर्तीवर. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द असताना त्याची स्पेलिंगही एका साच्याची नव्हती, अधेमधे जास्तीचा ई येई. मग ही पाचवी दिशा कोणती म्हणायची?

आद्याक्षरांच्या बाबतीत एक ढोबळ नियम सहसा दगा देत नाही. आद्याक्षरं जुळवून शब्दासारखा शब्द उच्चारायचा, ही चाल विसाव्या शतकाआधी फार दुर्मीळ होती. महायुद्धांनी ती बोकाळली. ‘रडार’ दुसऱ्या महायुद्धातला, ‘लेसर’ त्यानंतरचा. असल्या शब्दांना ‘ॲक्रोनिम’ म्हणतात तो शब्दसुद्धा १९४० च्या आसपासचा. म्हणून ‘गोल्फ’, ‘टिप’ असल्या जुन्या शब्दांच्या पोटात कुणी इंग्रजी वाक्य दडवून दाखवलं की हात आखडता घ्यावा. ‘पॉश’ची कथा तर थेट हिंदुस्थानच्या जहाजांशी जोडलेली. इंग्लंडहून येताना डाव्या बाजूच्या खोल्या सावलीत, परतताना उजव्या, श्रीमंत लोक त्याच घेत, तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का बसे, म्हणून ‘पॉश’. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शब्द मात्र पहिल्या महायुद्धाच्या आसपास छापील मजकुरात आहे, आणि त्याच उच्चाराचा एक शब्द त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं लंडनच्या चोरबोलीत नाण्यासाठी वापरात होता.

‘क्विझ’ची गोष्ट अशीच तारखेने मारली. म्हणे डब्लिनच्या डेली नावाच्या नाटकवाल्याने १७९१ मध्ये पैज मारली की एका रात्रीत नवा शब्द गावाच्या तोंडी करून दाखवतो, आणि पोरं लावून भिंतीभिंतीवर ‘क्विझ’ लिहवून घेतलं. अडचण एवढीच, की विक्षिप्त माणूस या अर्थाने ‘क्विझ’ १७८२ पासूनच लिखाणात आहे.

आद्याक्षरांची गोष्ट खरी निघाल्याचा नमुनाही आहे, आणि तो नेमका सगळ्यांत जास्त वापरला जाणारा शब्द: ‘ओके’. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो ‘ऑल करेक्ट’ या अर्थाने आला आहे. त्या वर्षांत तिकडे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं करायची थट्टेखोर टूम होती. ‘ऑल’चा ओ आणि ‘करेक्ट’चा के. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरेन या उमेदवाराचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’ असल्याने प्रचारवाल्यांनी ही अक्षरं उचलली. बाकीच्या टुमा विरल्या, ही टिकली. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सिद्ध केलं. तारीख, छापील पान, त्या काळातली टूम, सगळं जागेवर. ‘न्यूज’ आणि ‘पॉश’च्या कथांत नेमकं हेच नसतं.

ही तारीख मिळते कुठून? ऑक्सफर्ड कोशाने ती चिठ्ठ्यांतून मिळवली. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, १८७९ मध्ये जेम्स मरी संपादक झाले, १८८४ मध्ये ए अक्षराचा पहिला हप्ता निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, मरींच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. हजारो स्वयंसेवक जुनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्या भरत. पद्धत ठरलेली: साधारण सहा इंच बाय चार इंचाचा कागद, डावीकडे वर शब्द, त्याखाली साल, लेखक, पुस्तक, पान, आणि मग शब्द ज्यात आला ते पूर्ण वाक्य. चिठ्ठ्या अक्षरवार खणांत. संपादक त्या सालवार मांडत आणि अर्थ कसा वळत गेला ते समोर उलगडत जाई. चूक कुठे होई? लोक अनोखे शब्द हौसेने टिपत आणि रोजचे शब्द सोडून देत, कारण त्यांत टिपण्यासारखं काही वाटत नसे. आणि कधी चिठ्ठीच हरवे: ‘बाँडमेड’, म्हणजे गुलाम दासी, हा शब्द असाच राहून गेला आणि १९३३ च्या पुरवणीत आला.

चिठ्ठीचा याहून मोठा घोळ अमेरिकेत झाला. वेबस्टर कोशाच्या रसायनशास्त्राच्या संपादकाने ३१ जुलै १९३१ रोजी एक चिठ्ठी पाठवली. म्हणायचं एवढंच होतं की मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचं, डेन्सिटीचं, संक्षिप्त रूप. ‘किंवा’साठी इंग्रजी ‘ऑर’. चिठ्ठी जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात. गेली शब्दांच्या गठ्ठ्यात. कोशाच्या चिठ्ठीवर शब्दाची अक्षरं सुटी सुटी टाइप करायची रीत असल्याने पुढच्या माणसाने ती चार अक्षरं जोडली आणि ‘डॉर्ड’ नावाचं नाम जन्माला आलं. उच्चार दिला गेला, विषय दिला गेला, अर्थ दिला गेला: घनता. १९३४ च्या आवृत्तीत तो रीतसर छापला. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी एका संपादकाची नजर तिथे अडखळली, कारण नोंदीत सगळं होतं, व्युत्पत्ती नव्हती. शब्द आहे आणि त्याला आईबाप नाहीत, यावरून चोरी पकडली गेली. पुढच्या छपाईत तो काढायलाही काही वर्षं गेलीच.

‘डॉर्ड’ला हसणाऱ्यांनी जरा जपून. शाळा-कॉलेजात रोज घोकला जाणारा ‘सिलॅबस’ हाही असाच चुकून जन्मलेला. रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांत ग्रंथाच्या गुंडाळीला लावायच्या चामडी चिठ्ठीसाठी ‘सित्तिबास’ असा ग्रीक शब्द होता. पंधराव्या शतकातल्या छापील आवृत्तीत तो ‘सिलाबोस’ असा चुकीचा उतरला आणि त्यावरून पंडितांनी ‘सिलॅबस’ हे लॅटिन रूप घडवलं. ‘डॉर्ड’ पकडला गेला, ‘सिलॅबस’ नाही. आज अभ्यासक्रमाची यादी वाचणारा प्रत्येक जण एका खिळेजुळाऱ्याची चूक वाचत असतो.

चुकांची दुसरी जात कानाची आहे. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ लागतो आणि ‘न’ कुणाच्या घरचा हे ऐकताना कळत नाही. ‘अ नेप्रन’चं ‘ॲन एप्रन’ झालं. मूळ फ्रेंच ‘नाप’, कापड. त्याच घरातला ‘नॅपकिन’ मात्र आपला ‘न’ सांभाळून राहिला. साप या अर्थाच्या ‘नॅडर’चा ‘ॲडर’ झाला. क्रिकेटचा ‘अंपायर’ही मूळ ‘नूंपेर’, म्हणजे जोडीत न बसणारा, तिऱ्हाईत. उलटही झालं: ‘ॲन ईकनेम’, म्हणजे जास्तीचं नाव, याचं ‘अ निकनेम’. अगदी अशीच कथा ‘ऑरेंज’ची सांगतात, पण त्यात थोडं दुरुस्त करावं लागतं. संस्कृत ‘नारंग’, फारसी-अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांखा’. इथवर ‘न’ शाबूत. तो गळाला फ्रेंच-इटालियनच्या वाटेवर, इंग्रजीत पोचण्याआधीच. इंग्रजांच्या माथी मारलेली ही एक चूक त्यांची नाही. आपल्या नारिंगीत तो ‘न’ अजून आहे.

तिसरी जात लोकव्युत्पत्तीची. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दांत बसवून घ्यायचा. इंग्रज पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चं ‘हुकुम सदर’ झालं ते असंच. यात इंग्रज तरबेज. स्पॅनिश ‘कुकाराचा’ त्यांना ‘कॉक’ आणि ‘रोच’ असा ऐकू आला. आपल्या ‘मुंगूस’च्या शेपटाला त्यांनी ‘गूस’ लावून ‘मंगूज’ केला, आणि मग अनेकवचनाला भलतेच अडकले. हंसाचं ‘गीस’ होतं तसं याचं ‘मंगीज’ करायचं का? नाही, कारण यात हंस नाहीच. मराठीलाही हा शब्द दक्षिणेकडून, द्रविड भाषांतून मिळालेला. तेलुगूत ‘मुंगिस’ आहे. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा कोश काढला त्याचं नावच ‘हॉबसन-जॉबसन’. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन! या हुसेन!’ गोऱ्या शिपायांच्या कानी असा दोन साहेबांच्या आडनावांसारखा पडला होता.

पण हा खेळ गोऱ्यांचाच असं मानू नये. ‘जिंजर’चा माग लॅटिन, ग्रीक, प्राकृत असा मागे जात संस्कृत ‘शृंगवेरा’शी पोचतो. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे अंग. शिंगासारखं अंग असलेलं. आल्याचा तुकडा डोळ्यांपुढे आणला तर लगेच पटतं. मात्र खरं मूळ द्रविड: तमिळमध्ये ‘इंजि’ म्हणजे आलं आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. संस्कृत पंडितांनी परका शब्द घेऊन त्याला शिंगं लावली. इंग्रजांनी मुंगसाला हंस जोडला त्याच न्यायाने.

‘सॅलरी’ची कथा आपल्याला विशेष पटते, कारण खाल्ल्या मिठाला जागायची भाषा आपल्या अंगवळणी आहे. ‘सॅलरी’च्या पोटात ‘साल’, म्हणजे मीठ आहे, इथवर बरोबर. रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ मोजून देत, याला पुरावा मात्र नाही. खरी गंमत आपल्या ‘पगारा’त आहे, तिकडे कुणी बघत नाही. ‘पगार’ पोर्तुगीज ‘पागार’वरून, म्हणजे पैसे चुकते करणे. तो आला लॅटिन ‘पाकारे’वरून: शांत करणे, समजूत घालणे, ज्या ‘पाक्स’वरून ‘पीस’ आला त्याच्याच घरातला. देणेकऱ्याने सावकाराला गप्प करायचं, म्हणजे पैसे द्यायचे. याच ‘पाकारे’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘पे’ आला. म्हणून ‘पे-स्लिप’मधला ‘पे’ आणि ‘पगार’ हे चुलतभाऊ आहेत, आणि महिनाअखेरी पगाराचं नेमकं काम काय असतं ते त्यांच्या आजोबांनी सांगून ठेवलं आहे.

असाच लांबचा प्रवास ‘चेक’चा. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह’ म्हणत सावध करायचं. आपल्याकडे त्याचा ‘शह’ झाला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काक्कुस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, इंग्रजीत ‘चेक’. आधी अर्थ पटावरचा. मग कुणालाही अडवणं, मग अडवून तपासणं. पटावरच्या चौकटींवरून कापडावरची ‘चेक्स’ची नक्षी. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकटी आखलेल्या कापडावर सोंगट्या मांडून होई, म्हणून त्या खजिन्याचं नाव ‘एक्सचेकर’. अठराव्या शतकात हुंडीची खोटी प्रत ओळखता यावी म्हणून ठेवायच्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणू लागले, हळूहळू ते नाव मुख्य कागदालाच चिकटलं, आणि ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी क्यू डोकावतो तो ‘एक्सचेकर’च्या सावलीमुळे. बँकेत चेक टाकणारा शहच देत असतो. वटला नाही की काटशह.

इतक्या उलथापालथीत अर्थ जागेवर राहावा अशी अपेक्षाच चुकीची. ‘नाइस’ लॅटिन ‘नेस्कियुस’वरून, म्हणजे अजाण, इंग्रजीत तो मूर्ख, मग चोखंदळ, मग काटेकोर आणि शेवटी छान झाला. ‘सिली’ उलट्या दिशेने गेला: धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग खुळा. आपला ‘भोळा’ त्याच उतारावर उभा आहे. आणि स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हा बळजबरीच्या गुन्ह्यांचा वर्ग होता, शौर्यपदकाचा विषय नव्हे.

घडवलेल्या शब्दांना जन्मदाखला असतो, म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवायला नको. ‘पेट्रिकोर’, म्हणजे कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणारा वास, हा शब्द १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी बनवला: ग्रीक ‘पेट्रा’, खडक, आणि ‘इकोर’, देवांच्या नसांतून वाहणारा रस. खडकातून पाझरणारं देवरक्त! ‘मृद्गंध’ त्यापुढे साधा वाटतो, पण तो वाचताक्षणी कळतो. ‘सेरेंडिपिटी’, म्हणजे शोधत नसलेलं काही चांगलं अवचित हाती लागणं, हा शब्द इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात केला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. सेरेंडिप म्हणजे अरबी ‘सरनदीब’, म्हणजे सिंहलद्वीप. याला मराठीत ‘घुणाक्षरन्याय’ सुचवावा असा मोह होतो. लाकूड पोखरताना किड्याच्या हातून नकळत अक्षर उमटावं तसं. पण वॉलपोलने योगायोगाबरोबर चाणाक्षपणाही मागितला होता, आणि किड्याला उमटलेलं अक्षर वाचता येत नाही.

उरतो ‘डॉग’. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला नेहमीचा शब्द ‘हुंड’, आजचा ‘हाउंड’, जो आपल्या ‘श्वान’चा रीतसर नातेवाईक आहे. ‘डोग्गा’ मात्र अकराव्या शतकाच्या सुमारास एखाददुसऱ्या ठिकाणी डोकावतो, आणि काही शतकांत हुंडाला शिकारीपुरता मागे सारून स्वतः घरभर होतो. ऑस्ट्रेलियाच्या म्बाबाराम या आदिवासी भाषेतही कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत, आणि तो इंग्रजीकडून घेतलेला नाही, ‘बद’ आणि ‘बॅड’सारखाच निव्वळ योगायोग. इंग्रजी कोशात ‘डॉग’च्या व्युत्पत्तीच्या जागी ‘उगम अज्ञात’ एवढेच दोन शब्द असतात. अभ्यासकांच्या हाती लागलेला धागा एवढाच, की ‘फ्रॉग’, ‘पिग’, ‘स्टॅग’, ‘इअरविग’मधला ‘विग’ अशा प्राण्याकिड्यांच्या नावांचा एक छोटा कळप आहे, सगळ्यांच्या शेवटी तोच दुहेरी ‘ग्ग’. (‘धागा’ हाही योगायोगच, इंग्रजी ‘क्लू’ म्हणजे मुळात सुताचा गुंडा, आणि आपल्याकडे पोलिसांच्या हाती धागेदोरे लागतात.) तो ‘ग्ग’ म्हणजे लाडाने हाक मारताना व्यंजन दाबून म्हणायची रीत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.